आपली चूक रेडिओवर सांगणाऱ्या मंदाताई

मंदाताई लाडसावंगीकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या टेबलावर कांदाभज्यांची बशी होती. मी आमच्या शहरातल्या रेडिओ केंद्रावर कार्यक्रम करणारा माणूस आणि त्या एका मोठ्या रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ. आरोग्यावरच्या नव्या मालिकेसाठी कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं, म्हणून त्या आवाजाच्या चाचणीसाठी आल्या होत्या. आहारतज्ज्ञ म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणारी व्यक्ती, अशी माझी तेव्हा पक्की समजूत. मी घाईघाईने बशीवर वर्तमानपत्र ओढलं. ताईंनी ते शांतपणे बाजूला केलं, एक भजं उचललं आणि म्हणाल्या, "झाकू नका हो, मऊ पडतात." भजं चवीने खाऊन झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "हं, मला काय बोलायचंय?"

तेव्हापासून आजपर्यंत मी त्यांच्याकडे थक्क होऊन पाहत आलो आहे. आता त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि गौरवग्रंथ समितीने मला सहकारी या नात्याने लिहायला सांगितलं आहे. मी समितीला म्हटलं, मला ताईंविषयी बोलायला लागलं की नुसती विशेषणंच सुचतात. त्यावर समितीतल्या एक भगिनी म्हणाल्या, "विशेषणं बाकीचे लिहितील. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा." म्हणून पाहिलेलं लिहितो.

त्याआधी आमच्याकडे येणारे बहुतेक वक्ते घरून लिहून आणलेला कागद वाचत. प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वे अशी सगळी पंगत बसायची आणि ऐकणारा मात्र उपाशी उठायचा. ताईंकडे कागदच नव्हता. त्या माईकसमोर बसल्या आणि आमच्या कॅन्टीनमधल्या तेलाबद्दल बोलू लागल्या. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्याचं काय होतं, घरच्या कढईत उरलेल्या तेलाचं काय करावं, फोडणी किती तेलात नीट बसते. काचेपलीकडून आमचे तंत्रज्ञ हातवारे करू लागले. मला वाटलं, आवाजात काही बिघाड झाला. जाऊन पाहिलं तर ते विचारत होते की त्यांच्या आईच्या गुडघ्यांना मेथी चालेल का. ताईंची निवड तिथेच झाली.

कार्यक्रमाच्या वेळेवरून मात्र त्यांचं आणि आमच्या केंद्रप्रमुखांचं लगेच वाजलं. बायकांचे कार्यक्रम दुपारी, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. ताई म्हणाल्या, "दुपारी बाई जरा पाठ टेकते. तेवढीच तिला उसंत. तेव्हा मी तिला उपदेश करू? सकाळी ती चुलीपाशी असते. हात पिठात असतात, कान मोकळे असतात. मला ती वेळ द्या." केंद्रप्रमुखांनी बातम्या, भक्तिगीतं, बाजारभाव अशा सगळ्या अडचणी सांगून पाहिल्या. ताईंनी त्या नीट ऐकून घेतल्या आणि पुन्हा तेच वाक्य तितक्याच गोड आवाजात म्हटलं. अखेर बुधवारी सकाळी, बाजारभावांच्या आधी, त्यांचा ‘ताटावरच्या गप्पा’ हा कार्यक्रम सुरू झाला.

परभणीला गृहविज्ञान शिकून आलेल्या, लाडसावंगीच्या शेतकरी घरातल्या या बाईंना पुस्तकातलं सगळं येत होतंच. पण पुस्तक आणि चूल यांच्यामध्ये किती अंतर असतं, हे त्यांना श्रोत्यांनी शिकवलं, असं त्याच सांगतात. सुरुवातीच्या एका भागात त्या म्हणाल्या होत्या, रोज एक वाटी घट्ट वरण पोटात गेलंच पाहिजे. पुढच्या आठवड्यात पैठणकडच्या एका बाईंचा फोन आला. "ताई, वाटी कंची? आमच्यात वाटी म्हंजी पाव्हण्याला शिरा देतात ती. ती भरून वरण प्याले मी आठवडाभर. आता पोटाचा नगारा झालाय." आम्ही सगळे हसून लोळलो. ताई हसल्या नाहीत. त्यानंतर त्या ज्या घरी जात तिथली वाटी मागून पाहत. एकदा तर पिशवीभर वाट्या स्टुडिओत आणून त्यांनी टेबलावर मांडल्या. अंगठ्याएवढ्या वाटीपासून छोट्या पातेल्यापर्यंत सगळं त्यात होतं, आणि प्रत्येक घरात त्याचं नाव वाटीच होतं. तेव्हापासून त्यांनी मापच बदललं. डाळ आपल्या मुठीने, पालेभाजी आपल्या ओंजळीने, भाकरी आपल्या तळहाताएवढी. ज्याचा देह जेवढा तेवढा त्याचा हात, म्हणून माप फारसं चुकत नाही. आज हे ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्या भागातल्या घराघरांत ते नेऊन पोचवलं ते ताईंनी.

बजाजनगरला त्या दर महिन्याला जायच्या, तेही कोणी न बोलावता. कारखान्यांत नव्याने लागलेले तरुण एकेका खोलीत चौघं-पाचजण राहत आणि वडापाव, चहा, बिस्किटं यांवर दिवस काढत. एका सभागृहात त्यांना जमवून ताईंनी विचारलं, जेवणाचं काय करता? मागून एकजण म्हणाला, "मॅडम, आमाला पोळ्या येत नाय. करायला गेलो तर नकाशे होतात." ताई म्हणाल्या, "पोळ्यांचं नाव कोणी काढलं? कुकर आहे ना?" मग तिथेच कुकर मागवून त्यांनी मुगाच्या डाळीची, गाजर-मेथी घातलेली खिचडी करून दाखवली. त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि ताक. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. खरं सांगायचं तर मी मुलाखती घ्यायला गेलो होतो, पण मीही पंगतीला बसलो आणि मुलाखतींचं पुढच्या वेळी पाहू असं ठरवलं.

एक घरचं सांगतो. माझे वडील शेवटच्या आजारपणात अंथरुणाला खिळले होते. त्यांना मधुमेह होता आणि मी त्यांचं पथ्य डोळ्यांत तेल घालून सांभाळत होतो. ताई भेटायला आल्या. वडिलांसमोरची बिनमिठाची, बिनसाखरेची, बिनचवीची पेज त्यांनी पाहिली आणि विचारलं, "काका, काय खावंसं वाटतं?" वडील क्षीण आवाजात म्हणाले, "इमरती." मी ताईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या समजूत घालतील. त्या मला म्हणाल्या, "जा, गरम घेऊन या. आता पथ्य तुम्ही पाळायचं, तोंड बंद ठेवायचं." मी इमरती आणली. ताईंनी दुधात बुडवून तिचा कण न् कण त्यांना स्वतःच्या हाताने भरवला. डॉक्टरांनी आशा सोडली होती हे त्यांना माहीत होतं, मला ते मान्य करायचं नव्हतं. वडील त्याच आठवड्यात गेले. त्यांच्या जिभेवर शेवटी काहीतरी गोड होतं, याबद्दल मी ताईंचा जन्मभर ऋणी आहे.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला बसलो तो सांगतो. ताईंची परवानगी घेऊन सांगतो आहे. "लिहा, पण मला थोर करून ठेवू नका," असं त्यांनी बजावलं आहे. ते काही मला जमणार नाही.

त्या सुमारास कमी सोडियमचं मीठ दुकानांत नव्याने येऊ लागलं होतं. रक्तदाबवाल्यांनी ते वापरावं का, असं श्रोते सारखे विचारत. एका बुधवारी ताईंनी रक्तदाबावर बोलताना लोणचं, पापड, ठेचा या सगळ्यांचा खरपूस समाचार घेतला आणि शेवटी सांगितलं की रक्तदाब असलेल्यांनी हे नवं मीठ वापरायला हरकत नाही. पुढचं एक वाक्य राहिलं. या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांच्या शरीरातून ते नीट बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. म्हणून अशांनी ते मीठ वापरू नये. हे ताईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. वेळ संपली नव्हती, आम्हीही काही कापलं नव्हतं. त्या दिवशी ते सांगायचं राहून गेलं, इतकंच.

दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी रशीदभाई हातगाडीवर सीताफळं, पेरू विकायचे. त्यांना रक्तदाब होता आणि मूत्रपिंडंही कमजोर झाली होती. त्यांच्या पत्नी झुलेखाआपा या ‘ताटावरच्या गप्पा’च्या पक्क्या श्रोत्या. बुधवारी सकाळी त्यांच्या चुलीशेजारच्या रेडिओला कोणी हात लावायचा नाही, असा घरात हुकूमच होता. त्या भागानंतर काही आठवड्यांनी रशीदभाईंना ताईंच्याच रुग्णालयात आणावं लागलं. हातापायांतली ताकद गेलेली आणि छातीचे ठोके कसेही पडणारे. डॉक्टरांनी औषधं दिली, रक्तातलं पोटॅशियम खाली आलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर गेलं. नारळपाणी पाजता का, केळी देता का, फळांचा रस देता का, सगळं विचारून झालं. सगळ्याला उत्तर एकच, नाही. आणखी वाढलं तर डायलिसिसला घ्यावं लागणार होतं, आणि तोवर हृदय धीर धरील की नाही याची कोणालाच खात्री नव्हती.

वॉर्डातून फिरताना ताई पेशंटशी बोलण्याआधी त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाशी बोलत, कारण स्वयंपाक त्या माणसाच्या हातात असतो. त्या दिवशी त्यांनी रशीदभाईंच्या खाटेपाशी बसलेल्या झुलेखाआपांना विचारलं, "घरी काय शिजतं?" एवढंच वाक्य, पण आपांनी तो आवाज ओळखला. त्या ताडकन उभ्या राहिल्या आणि त्यांनी ताईंचे दोन्ही हात धरले.

"अगं अल्ला! तुमी तर रेडिओवाल्या बाई!" मग नवऱ्याच्या कानाशी वाकून, "अजी, डोळे उघडा, बाई खुद आल्या." आणि पुन्हा ताईंकडे वळून त्या भरभरून सांगू लागल्या. "बाई, तुमी बोल्ले तसंच सगळं केलं मी. पापड बंद, लोणचं बंद. नमक बी ते नवं, शहरातून मंगवलं. इथल्या जेवणात चवच नाय, म्हून रोज घरून डबा आणते मी, तुमच्याच नमकाचा. जरा फिक्कं लागतं ते, तर दोन चिमट्या जास्तच टाकते. चांगलंच हाय ना ते, तुमीच बोल्ले होते."

ताई मला पुढे सांगत होत्या, "त्या बाईंचा चेहरा आनंदाने फुलला होता हो. मला शाबासकी मागत होत्या." ताईंनी आधी खाटेखालचा डबा उचलला आणि तो हातात घेऊनच डॉक्टरांना गाठलं. नव्या मिठाचा डबा बंद झाला आणि रशीदभाई हळूहळू स्थिरावू लागले. धोका मात्र लगेच टळला नव्हता. त्यानंतर ताई झुलेखाआपांसमोर वॉर्डाच्या फरशीवर बसल्या आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. आपांना आधी कळेचना. मग त्या स्वतःच्या हातांकडे पाहू लागल्या.

"म्हंजी मी माझ्या हातानं त्यांना..."

"तुमच्या हातानं नाही आपा, माझ्या तोंडानं. मी अर्धंच सांगितलं. चूक माझी आहे."

आपांनी नुसती मान हलवली. ताईंचं बोलणं त्यांच्या आत शिरलंच नव्हतं.

तिथून ताई थेट केंद्रावर आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच पाणी मागताना पाहिलं. त्यांनी केंद्रप्रमुखांना सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "मला आजच बोलायचं आहे. बुधवारची वाट पाहता येणार नाही. अशी आणखी किती घरं असतील कोणास ठाऊक." केंद्रप्रमुख सज्जन होते, पण घाबरट. ते म्हणाले, "ताई, कोणाची तक्रार नाही, काही नाही. आपणहून कशाला ओढवून घेता? पुढच्या भागात बोलता बोलता ओझरतं सांगून टाका." ताई म्हणाल्या, "साहेब, ओझरतं बोलले म्हणूनच तर तो माणूस तिकडे खाटेवर पडलाय." रुग्णालयातल्या त्यांच्या वरिष्ठांनीही तेच सांगून पाहिलं होतं. जाहीर बोललात तर चौकशी लागेल, इतक्या वर्षांच्या नोकरीवर डाग पडेल. ताईंनी त्यांचे आभार मानले आणि तिथून निघाल्या होत्या.

केंद्रप्रमुख अखेर तयार झाले. त्या संध्याकाळी आणि मग कितीतरी दिवस रोज सकाळी बाजारभावांच्या आधी ताईंचा आवाज लागायचा. ते शब्द मला आजही पाठ आहेत. "मी मंदा लाडसावंगीकर. मागे मी तुम्हाला कमी सोडियमच्या मिठाबद्दल सांगितलं होतं. मी अर्धं सांगितलं, ती माझी चूक झाली. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी ते मीठ खायचं नाही. घरात असेल तर आत्ता बाजूला काढा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबरही ते चालत नाही, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारा. शेजारच्या घरी रेडिओ नसेल तर त्यांना जाऊन सांगा." मग हेच त्या दख्खनी उर्दूत सांगायच्या, आमच्या शहरातल्या शहागंजातल्या बाईलाही कळेल असं. तो आधीचा भाग ऐकलेल्या सगळ्यांनी ही दुरुस्ती ऐकली असेल याचा त्यांना भरवसा नव्हता, म्हणून त्या किराणा दुकानांतून फिरल्या. दौलताबादेत देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून तीच सूचना द्यायची त्यांनी विनंती केली आणि दोन्हीकडच्या लोकांनी ती मानली. एक किराणावाले त्यांना म्हणाले, "बाई, तुमच्यामुळं माल खपला, आता तुमीच थांबवायलेत व्हय?" ताई म्हणाल्या, "व्हय. मीच थांबवायचा."

चौकशी लागलीच. ताईंना काही काळ वॉर्डातून काढून रुग्णालयाच्या कोठीघरात धान्य मोजायला बसवलं. त्या काळातही त्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. उलट पेशंटांच्या जेवणात कुठली डाळ येते, ती कशी शिजते हे पाहून त्यांनी तिथला स्वयंपाकच सुधारला. मला मात्र काळजी होती ती कार्यक्रमाची. मला वाटत होतं, आता संपलं. बाई आपल्याच तोंडाने चुकले म्हणतात, त्यांचं कोण ऐकणार? काहींनी फोन करून वाट्टेल ते बोलूनही घेतलं. पण त्यानंतर जे फोन आणि पत्रं येऊ लागली ती वेगळीच होती. आधी लोक सांगायचे, "ताई, तुम्ही म्हणालात तसं केलं." आता ते करण्याआधी विचारू लागले, "ताई, मला असं असं दुखणं आहे, तर मला चालेल का?" इतक्या वर्षांत आम्हाला जे साधलं नव्हतं ते त्या एका कबुलीने साधलं. त्यानंतर ताईंचा एकही कार्यक्रम असा झाला नाही ज्यात ‘हे कोणी करायचं नाही’ ते त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं नसेल.

रशीदभाई वाचले. पंधरवड्याने तपासणीला आले तेव्हा ते ताईंना शोधत कोठीघरापर्यंत गेले. म्हणाले, "बाई, मी ठीक हाय. पण घर ठीक नाय. माझ्या औरतीचा हात थांबलाय." तेव्हा कळलं की झुलेखाआपा भाजी चिरत, पीठ मळत, फोडणी देत, पण मिठाच्या बरणीला हात लावत नव्हत्या. तेवढ्यापुरतं त्या जावेला हाक मारत. ज्या बाईच्या हातचा मटणाचा कालिया खायला सोयरेधायरे शहरातून यायचे, तिने नवऱ्याच्या ताटासमोर बसणंही सोडलं होतं. डॉक्टरांनी नवरा वाचवला होता, पण आपल्याच हाताने त्याला मारायला निघालो होतो हे त्या बाईच्या मनातून जात नव्हतं.

पुढच्या रविवारी ताई मला म्हणाल्या, "तुमची स्कूटर काढा. आपल्याला दौलताबादला जेवायला जायचंय." कोणी बोलावलंय, असं विचारल्यावर म्हणाल्या, "कोणी नाही." जेवणाचं नाव निघाल्यावर मी काही फार चौकशी करत नाही. आम्ही गेलो. स्वयंपाकघरात चुलीवर तुरीचं वरण उकळत होतं, शेजारी अंबाडीची भाजी झाकून ठेवली होती. झुलेखाआपा भाकरी थापत होत्या. ताई पाट न घेता त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. थोड्या वेळाने आपांनी सवयीने जावेला हाक मारली, "नमक टाक गं." ताईंनी जावेला हाताने थांबवलं आणि जरा बाहेर बसायला सांगितलं.

"आपा, आज मी तुमच्याकडे जेवायला आलेय. माझ्या वरणात मीठ तुम्ही घालायचं."

"नको बाई. ते सोडून काय बी सांगा. हात उचलत नाय माझा."

"माझाही आवाज उचलत नाही," ताई म्हणाल्या. "दर बुधवारी माईकसमोर बसले की जीभ कोरडी पडते. आज कोणाचं काय राहून जाईल, असं वाटतं. तरी बसते. मी गप्प राहिले तर तुम्हाला दुसरं कोणीतरी सांगेल, आणि ते चुकलं तर तुमच्या दारात येईल का ते, कोणास ठाऊक. तुमच्या घरात काय चालतं आणि काय चालत नाही, हे आता तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मग ते दुसऱ्याच्या हाती कशाला देता?"

मी दारात उभा होतो, रशीदभाई माझ्यामागे. झुलेखाआपांनी हात पदराला पुसले. साध्या मिठाची बरणी उघडली. बोटांत घेतलेलं मीठ थोडं परत टाकलं, उरलेलं वरणात सोडलं आणि पळीने ढवळलं. ताईंनी वाटीत वरण घेतलं, फुंकर मारून एक घोट चाखला. मला वाटलं, आता त्या वा म्हणतील, पाठीवरून हात फिरवतील. ताईंनी तोंड जरासं वाकडं केलं.

"आपा, कमी पडलं. अजून घाला."

झुलेखाआपा त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता रडू कोसळलं. "या अल्ला! सगळ्या दुनियेला कम खा, कम खा बोलणारी बाई माझ्या घरी येऊन जादा मागते!" डोळे पुसत त्यांनी पुन्हा बरणीत बोटं घातली. त्या दिवशी ताईंच्या वाटीत मीठ आपांनी दोनदा घातलं, आणि मग नवऱ्याच्या ताटात, त्यांना चालतं तेवढंच, तेही आपांनीच. आम्ही सगळे जेवायला बसलो. मी किती भाकरी खाल्ल्या ते इथे लिहीत नाही, कारण हा ग्रंथ ताई वाचणार आहेत.

आज ताई निवृत्त आहेत, असं फक्त कागदावर म्हणायचं. सकाळी मोबाइलवर त्यांचा ध्वनिसंदेश येतो आणि तो गावोगाव फिरतो. शेंद्र्याच्या कारखान्यातली तरुण मंडळी त्यांना प्रोटीनच्या डब्यांबद्दल विचारतात, तेव्हा त्या उलट विचारतात, "तुझ्या डब्यात आई काय देते ते आधी सांग." नव्या आहारतज्ज्ञ मुली त्यांच्याकडे शिकायला येतात. ताई त्यांना पहिल्याच दिवशी आपली मिठाची गोष्ट सांगतात, नाव-गावासकट, काहीही न लपवता. इतक्या मानाच्या जागी बसून स्वतःची चूक नवख्या मुलींना पहिला धडा म्हणून शिकवणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी दौलताबादला जाऊन आलो. रशीदभाई आता नाहीत. त्या आजारानंतर ते बरीच वर्षं जगले, मुलींची लग्नं केली, नातवंडांना हातगाडीवर बसवून फिरवलं आणि म्हातारपणाने गेले. झुलेखाआपा थकल्या आहेत, पण वरण अजून त्याच करतात. मी त्यांना सांगितलं, बाईंना पंचाहत्तर वर्षं होत आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द द्या. मग न राहवून विचारलं, "आपा, बाईंचा कधी राग नाही आला?"

"आला की," त्या म्हणाल्या. "लई आला. पण चुकतं तर सगळ्यांचंच बाबा. दारात येऊन सांगतं कोण? अन् वर जेवून जातं कोण?" मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात पुढे पसरले. "त्या दिवसानंतर माझ्या माणसाला जेवढी वर्षं भेटली, तेवढी अल्ला बाईंना अजून देवो. धडधाकट देवो."

मी विचारलं, किती वर्षं झाली असतील ती?

"मोजली नाय कधी," आपा म्हणाल्या. "तुमी बी मोजू नका. मागून घ्या."

मी त्यांच्याबरोबर आमीन म्हटलं. मंदाताई, तुमच्यासाठी मी तेवढीच मागतो आहे.